१,६४९ रुपये ६४ पैसे आणि दिवसाला सात फोन

पत्र

नमस्कार,

मी नाशिकला राहते. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांच्या बदलीमुळे आम्ही ठाण्याहून इकडे आलो. ठाण्याच्या घरी ब्रॉडबँड होतं, महिन्याला ५९९ अधिक जीएसटी. २० मे रोजी मी कस्टमर केअरला फोन करून कनेक्शन बंद करायला सांगितलं. मे महिन्याचं बिल भरलेलं होतं. राउटर न्यायला कोणी येईना, म्हणून जाताना तो खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवला. ११ जूनला कंपनीचा मुलगा तो घेऊन गेला आणि त्याने दिलेल्या चिठोऱ्याचा फोटो काकूंनी मला पाठवला. माझ्या लेखी विषय तिथेच संपला होता.

आता महिनाभरापासून वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले आहेत. जून आणि जुलैचं बिल आणि लेट फी धरून १,६४९ रुपये ६४ पैसे थकले आहेत म्हणतात. दिवसाला सहा-सात फोन येतात, प्रत्येक वेळी वेगळ्या नंबरवरून. 'मॅडम, आपके नाम पे ४२० का केस बन गया है', 'घरी पोलीस पाठवू का' अशी भाषा असते. व्हॉट्सॲपवर एका वकिलाच्या नावाची नोटीस आली. तिच्यावर अशोकस्तंभ आहे, 'अटक वॉरंट प्रक्रियेत' असं लाल अक्षरात छापलं आहे आणि खर्चासह ३,८०० रुपये भरा म्हटलं आहे. मंगळवारी दुसऱ्याच माणसाचा फोन आला, 'आज १,२०० टाका, फाइल बंद करतो.' नाही म्हटलं, तर बुधवारी त्यांनी साताऱ्याला माझ्या आईला फोन केला. कनेक्शन घेताना पर्यायी नंबर म्हणून तिचा दिला होता. आई घाबरून गेली. 'किती आहेत ते सांग, मी देते, पण असं देणं ठेवू नये गं,' म्हणाली. मला रडूच आलं.

मिस्टर म्हणतात, बाराशे टाक आणि विषय संपव. मला ते पटत नाही, पण रोज हे ऐकण्याची ताकदही राहिली नाही. शेजारणीने रिझर्व्ह बँकेचा एक नियम पाठवला आहे, संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही म्हणून. तो यांना लागू होतो का? काय करू? सुरुवातीला कनेक्शन घेताना हजार रुपये भरले होते, ते राउटरचे होते की कशाचे, तेही आता आठवत नाही.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. त्या हजार रुपयांकडे मी येणारच आहे, पण आधी अटकेचं बघू. डोक्यावर ती टांगलेली असताना बाकी काही वाचवत नाही.

बिल थकणं हा गुन्हा नाही. ते देणं आहे, आणि देण्याचा वाद दिवाणी असतो. फसवणुकीचं कलम लावायचं तर सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता हे दाखवावं लागतं. महिनोन्महिने बिल भरणाऱ्या, फोन करून कनेक्शन बंद करणाऱ्या आणि राउटरही परत देणाऱ्या बाईवर ते कलम लावायला कोणता पोलीस अधिकारी बसला आहे? शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि फसवणूक आता कलम ३१८ मध्ये गेली. वसुलीवाल्यांची धमकी मात्र अजून ४२० वरच अडकली आहे. त्यांचाही दोष नाही म्हणा, '३१८' म्हटल्यावर कोण घाबरणार!

आता समजा, सगळं कंपनीच्या मनासारखं झालं. तिने दिवाणी दावा लावला, तो जिंकला, तुमच्याविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश, झाला आणि तरीही तुम्ही पैसे दिले नाहीत. तेव्हा तरी अटक होईल? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५८ प्रमाणे हुकूमनाम्याची एकूण रक्कम २,००० रुपयांपेक्षा जास्त नसेल तर दिवाणी कैदेत ठेवताच येत नाही. आणि कलम ५६ सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही, मग रक्कम कितीही असो. म्हणजे ते 'वॉरंट' निघायला ना तुमची रक्कम पुरते, ना तुम्ही त्यात बसता. हा परिच्छेद मिस्टरांनाही वाचून दाखवा.

नोटिशीचं म्हणाल, तर वकिलाची नोटीस म्हणजे वकिलाने लिहिलेलं पत्र. खरा वकील असला तरी तो न्यायालय नसतो. तो मागणी करू शकतो, हुकूम देऊ शकत नाही. अशोकस्तंभ तर त्याला वापरताच येत नाही, राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. खरं समन्स न्यायालयातून येतं. बेलीफ घेऊन येतो किंवा टपालाने येतं, त्यावर दाव्याचा क्रमांक असतो, आणि प्रकरण खरं असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकून किंवा सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकावरून ते कुणालाही बघता येतं. एकदा बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या रात्री झोप लागेल.

एक कागद मात्र आला तर टाकून देऊ नका, तो म्हणजे लोकअदालतीची नोटीस. टेलिफोन कंपन्या आणि बँका जुनी थकबाकी दावा लावण्याआधीच राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. मग तालुका किंवा जिल्हा विधी सेवा संस्थेच्या नावाने कागद येतो आणि घरात पुन्हा रडारड सुरू होते. खरं तर तिथे घाबरण्यासारखं काही नसतं. तडजोड तुमच्या संमतीशिवाय होत नाही, नाही पटली तर 'मान्य नाही' म्हणून उठून येता येतं. फक्त एकदा सही केली की त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा नीट बघायचा. तिथे कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो, आणि फोनवर महिनाभर जे मिळालं नाही ते, म्हणजे खात्याचा उतारा, त्याच्याकडे मागता येतो. माझं स्वतःचं एक जुनं लँडलाइनचं भांडण अशाच टेबलावर दहा मिनिटांत मिटलं होतं. त्याआधी आठ महिने मी फोनवर ओरडत होतो.

आता शेजारणीने पाठवलेल्या नियमाकडे. नियम खरा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही. पण तो बँका, फायनान्स कंपन्या आणि त्यांच्या एजंटांसाठी आहे. तुमचं हे कर्ज नाही, दूरसंचार सेवेचं बिल आहे, आणि ती कंपनी रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही. या नियमाचा दाखला दिलात तर एजंट हसेल, आणि या एका बाबतीत तो बरोबर असेल. बजाजचा हप्ता, क्रेडिट कार्ड, मोबाइल ॲपवरचं कर्ज असली प्रकरणं असणाऱ्या वाचकांनी मात्र तो नियम जपून ठेवावा.

म्हणून तुम्ही उघड्यावर आहात असं नाही. धमकी ही धमकीच, मग ती बँकेसाठी दिलेली असो की ब्रॉडबँडसाठी. अंगाला, मालमत्तेला किंवा अब्रूला धोका पोचवण्याची धमकी देऊन माणसाला नको ते करायला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. त्यात अब्रूचा उल्लेख आहे हे लक्षात ठेवा, कारण या मंडळींचं सगळं भांडवल तुमची अब्रू हेच आहे. 'मी पोलीस स्टेशनमधून बोलतोय', 'कोर्टातून बोलतोय' असं कोणी म्हणालं असेल तर सरकारी नोकर असल्याची बतावणी करणं हा आणखी वेगळा गुन्हा.

हे लोक असं का वागतात, तेही समजून घ्या. हजार-दोन हजारांची जुनी बिलं कंपन्या स्वतः वसूल करत बसत नाहीत, ती याद्या करून एजन्सीला देतात. एजंटाला बहुधा जे वसूल होईल त्यावर टक्केवारी मिळते. तुमचं बिल बरोबर आहे की चूक, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, त्याच्यासमोर फक्त नाव, नंबर आणि आकडा असतो. १,६४९ रुपयांसाठी दावा लावायचा तर वकिलाची फी आणि खेपाच त्याहून जास्त होतात. म्हणून हत्यार उरतं एकच. तुमची लाज. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं ऐकत मोठे झालेलो आपण, दारात पोलीस म्हटलं की सोसायटी काय म्हणेल इथपासून सुरुवात. वाण्याच्या दुकानात 'आज रोख उद्या उधार' ही पाटी वाचतानाही आपल्यातले काही जण ओशाळतात. आईंना फोन गेला तो याच हिशोबाने. मुलगी बधत नाही ना, मग आईला गाठा.

आणि आकडा बघा कसा नाचला. सोमवारपर्यंत १,६४९, नोटिशीत ३,८००, मंगळवारी १,२००. खरं देणं असं आठवड्यात दुप्पट होऊन निम्म्यावर येत नाही. हा मंडईतला भाव आहे.

मिस्टरांचं म्हणणं म्हणजे 'भीक नको पण कुत्रं आवर.' मी त्यांना नावं ठेवणार नाही. मनःशांतीलाही किंमत असते आणि बाराशे रुपयांत ती मिळत असेल तर महाग नाही. पण मिळत नाही ना! कोणाच्या तरी यूपीआयवर बाराशे टाकले तर ते कंपनीच्या खात्यात जमा झाले हे कशावरून? उरलेले ४४९ कंपनीच्या पुस्तकात थकीतच दिसतील, वर्षभराने ती यादी दुसऱ्या एजन्सीकडे जाईल आणि तोवर तुमचा नंबर 'पैसे देणारा' म्हणून ओळखीचा झालेला असेल. पैसे द्यायचेच असं उद्या ठरलं, तर ते फक्त कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर, तुमचा खाते क्रमांक टाकून. आणि 'काही देणे बाकी नाही' असं कंपनीच्या ईमेलवरून लेखी आल्यावरच, किंवा निदान पैसे भरल्यावर ते मिळेल असं कंपनीने लेखी कळवल्यावर.

आता हिशोब. कागद-पेन घ्या, कारण हाच पत्राचा गाभा आहे.

५९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याचे ७०६ रुपये ८२ पैसे. जून-जुलैचे झाले १,४१३.६४. वर दोन महिन्यांची लेट फी शंभर-शंभर आणि त्यावर जीएसटी ३६ रुपये. बेरीज १,६४९.६४. म्हणजे आकडा कुठून आला ते कळलं, कंपनीने तुम्हाला दोन पूर्ण महिने ग्राहक धरलं आहे. तुम्ही बंद करायला सांगितलं २० मे रोजी. कंपनी अगदी हट्टाला पेटली आणि 'राउटर परत आला तेव्हाच कनेक्शन बंद झालं' म्हणाली, तरी ते ११ जूनला झालं. जूनच्या अकरा दिवसांचे होतात २५९ रुपये १७ पैसे. जुलैचा तर प्रश्नच नाही, राउटर त्यांच्याच गोदामात होता. म्हणजे कंपनीच्या बाजूने जास्तीत जास्त ओढूनही तुमचं देणं २५९ रुपयांच्या वर जात नाही, आणि तुमच्या बाजूने बघितलं तर शून्य आहे.

आता ते हजार. ब्रॉडबँड घेताना राउटरपोटी अनामत रक्कम घेण्याची पद्धत आहे आणि माझा अंदाज आहे की तुमचे हजार तेच असावेत. पावतीवर 'इन्स्टॉलेशन' लिहिलं असेल तर ते गेले. 'डिपॉझिट' किंवा 'रिफंडेबल' लिहिलं असेल तर राउटर परत गेल्या दिवसापासून ते पैसे तुमचे आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) सेवा-गुणवत्ता नियमांत कनेक्शन बंद झाल्यावर अनामत परत करायला मुदत बांधून दिलेली आहे, आणि दोन वर्षं ही काही मुदत नव्हे. हजारातून २५९.१७ गेले तरी उरतात ७४० रुपये ८३ पैसे. म्हणजे महिनाभर दिवसाला सात फोन कोणी कोणाला करायला हवे होते?

पावती शोधा. कनेक्शन घेतलं त्या महिन्यातल्या ईमेलमध्ये कंपनीचं नाव टाकून बघा, नाहीतर त्या महिन्याचं बँकेचं स्टेटमेंट काढा. काकूंनी पाठवलेला चिठोऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून उचलून दुसरीकडे कुठेतरी ठेवा, फोन बदलला की असले फोटो आधी जातात. २० मेच्या फोनचा तक्रार क्रमांक एसेमेसने आला असेल. नसेल सापडत, तर तारीख आणि अंदाजे वेळ तरी लिहून काढा.

यानंतरचं काम एकच. हे भांडण फोनवरून उचलून कागदावर न्यायचं. फोनवर त्याचा आवाज चढतो आणि तुमचा थरथरतो, तिथे तुम्ही हरणार. कागदावर त्याला लिहावं लागेल की जुलैमध्ये राउटर नसलेल्या, रिकाम्या घरात ब्रॉडबँड कोण वापरत होतं. ते तो लिहू शकत नाही.

पुढचा फोन आला की इतकंच बोला: 'तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि कंपनीने तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र मला ईमेलवर पाठवा. हे बिल मला मान्य नाही, मी कंपनीला लेखी कळवलं आहे. यापुढे फोनवर बोलणार नाही. हा फोन रेकॉर्ड होतो आहे.' आणि ठेवून द्या. समजावू नका, रागावू नका, बदलीची आणि काकूंची गोष्ट सांगू नका. त्याला फक्त तुम्ही बोलत राहायला हव्या असता. रेकॉर्डिंग खरंच करा, आणि एका वहीत तारीख, वेळ, नंबर, काय म्हणाला असं लिहीत जा. आठ दिवसांची अशी वही पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवली की तिथल्या माणसाचा सूर बदलतो, हे मी पाहिलेलं आहे.

कंपनीला ईमेल आजच करा. तक्रारींचा पत्ता तिच्या संकेतस्थळावर असतो. मजकूर साधारण असा ठेवा:

'माझे ठाणे येथील ब्रॉडबँड खाते क्रमांक अमुक. २० मे रोजी मी जोडणी बंद करण्याची विनंती केली होती. ११ जून रोजी तुमच्या प्रतिनिधीने राउटर परत नेला, पावतीचा फोटो सोबत जोडला आहे. असे असताना जून व जुलै महिन्यांची १,६४९.६४ रुपयांची मागणी मला मान्य नाही. माझ्या खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, जोडणी बंद झाल्याची तुमच्या नोंदीतील तारीख आणि मी भरलेल्या १,००० रुपयांचा हिशोब लेखी कळवावा. ती रक्कम अनामत असल्यास परत करावी. तुमच्या वतीने वसुली करणाऱ्या व्यक्ती अटकेच्या खोट्या धमक्या देत असून माझ्या आईलाही फोन करत आहेत. हे तातडीने थांबवावे आणि पर्यायी क्रमांक म्हणून दिलेला त्यांचा नंबर नोंदीतून काढावा. या पत्राद्वारे मी कोणतीही रक्कम देणे असल्याचे मान्य करत नाही. या तक्रारीचा क्रमांक द्यावा.'

शेवटून दुसरं वाक्य शोभेचं नाही. असं देणं न्यायालयात मागायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी तुम्ही लिहून दिलंत की 'हो, देणं आहे, पुढच्या महिन्यात देते,' तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. व्हॉट्सॲपवर 'थोडा वेळ द्या, भरते' असं सौजन्याने लिहिणारी माणसं नेमकी इथे फसतात. असं काही लिहिलं नसेल तर यापुढेही लिहू नका.

ईमेलची एक प्रत छापून कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा. एवढ्यासाठी पैसे खर्चायला जिवावर येतं हे खरं, पण ईमेल 'मिळालाच नाही' म्हणता येतो.

तक्रार क्रमांक मिळाला आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीत अपिलीय अधिकारी असतो. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनी प्रत्येक कंपनीला तो नेमायला लावला आहे. अपिलाला फी नाही आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. बरेच जण ही पायरी सोडून थेट ट्रायला पत्र लिहितात. तसं करू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. यासोबतच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. मराठीत बोलता येतं, आणि तिथून पत्र गेलं की कंपनीतली वेगळीच खुर्ची हलते असा माझा अनुभव आहे.

एवढ्यानेही भागलं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. कनेक्शन ठाण्याचं होतं म्हणून ठाण्याला खेपा घालायला नकोत, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकील लागतोच असंही नाही. 'टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत' असं कंपनीचा माणूस अजूनही सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालतात असं स्पष्ट सांगितलं आहे. दोन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा मात्र तुमच्या बाबतीत निघेल. ताज्या नोटिशीपासून ती कशी धरायची, हे तक्रार लिहिण्याआधी ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याशी बोलून घ्या. किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, १५१०० ही त्यांची हेल्पलाइन.

पोलिसांकडे जायचं का? फोन नुसते चिवट असतील तर मी थांबा म्हणेन. आईंना पुन्हा फोन गेला, शिवीगाळ झाली किंवा कोणी दारात आलं, तर जायचं. साधा तक्रार अर्ज, सोबत वही आणि नोटिशीचा छापलेला फोटो. 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवू लागले तर शांतपणे सांगा की बिलाबद्दल नाही, धमकीबद्दल आले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचं कारण नाही. ओळखपत्र मागा, त्याचा फोटो काढा, वॉचमनला बोलवा. टीव्ही-फ्रिज उचलायचा अधिकार न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणालाही नाही.

सिबिलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण एजंट आज ना उद्या ते काढेल. दूरसंचार कंपन्याही सिबिलसारख्या, कर्ज-थकबाकीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती संस्थांच्या सदस्य असतात, त्यामुळे थकबाकी तिथे नोंदली गेलेली असू शकते. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतः बघा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चुकीची नोंद दिसली तर तिथेच ऑनलाइन तक्रार करा. ती ३० दिवसांत सोडवली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इथे तुमच्या शेजारणीची रिझर्व्ह बँक उपयोगी पडली.

हेच पत्र विजेच्या बिलाचं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं, तेवढं बाकीच्या वाचकांसाठी. वीज कंपनीच्या हातात एजंटापेक्षा मोठं हत्यार आहे, पुरवठा तोडण्याचं. तिथे वाद घालतानाही बिलाची मुदत सांभाळावी लागते. पण २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर तो वीज कंपनीचा नाही, चोराचा आहे.

ताई, आता शेवटचं, आणि खरं तर हे मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं. आईंना आज फोन करा. पैसे त्यांच्यावर नाहीत, पर्यायी नंबर दिल्याने त्या जामीन होत नाहीत, आणि मुलीने देणं बुडवलेलं नाही, उलट कंपनीकडूनच येणं निघायची शक्यता आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. मग एक प्रश्न विचारा, जरा सहज आवाजात, कारण त्या लगेच कबूल होणार नाहीत. बुधवारनंतर त्यांनी शेजारच्या मुलाकडून त्याच्या फोनवरून पैसे भरले तर नाहीत ना? 'किती आहेत ते सांग, मी देते' म्हणणारी आई गप्प बसली असेल असं मला वाटत नाही. भरले असतील तर ओरडू नका. त्या मुलाकडून व्यवहाराचा स्क्रीनशॉट मागवा, त्यातला यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक वरच्या ईमेलमध्ये घाला आणि हे पैसे कंपनीच्या खात्यात जमा झाले का ते विचारा. पैसे कोणा खासगी माणसाच्या नावावर गेलेले दिसले तर कंपनीच्या उत्तराची वाट बघू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.